गोळा हातात आल्याशिवाय

सिग्नल पडला की गाडी सुटते, असं फलाटावरच्या माणसाला वाटतं. नील्सची टोकन यंत्रं असलेल्या आमच्या एकेरी मार्गावर तेवढ्याने भागत नसे. ड्रायव्हरच्या हातात पुढच्या सेक्शनचा गोळा पडायला हवा. पोलादी गोळा, त्यावर दोन्ही टोकांच्या स्टेशनांची खूण कोरलेली. तो पाकिटात आणि पाकीट मोठ्या रिंगला बांधलेलं.

न थांबणाऱ्या गाडीला तो देणं हे खरं कसब. आमचा पॉइंट्समन पाय रोवून, रिंग उंच धरून उभा राहायचा. इंजिनातून आधी मागच्या सेक्शनची रिंग खाली यायची आणि लगेच असिस्टंटचा हात नव्या रिंगमध्ये शिरायचा. दंडाला सणसणीत फटका बसे. मग गोळ्यावरची खूण वाचून तो ड्रायव्हरला दाखवायचा; भलत्याच सेक्शनचा गोळा घेऊन निघालात तर संपलंच.

एका पावसाळी रात्री रिंग निसटली. गाडी थोडी पुढे जाऊन थांबली. एक गृहस्थ छत्री घेऊन तणतणत आले, "मास्तर, सिग्नल पडलाय, मग अडलंय कुठे?" मी खडीकडे बोट दाखवलं. असिस्टंट आणि पॉइंट्समन बत्त्या घेऊन वाकून शोधत होते. पाकीट गवतात सापडलं. तोवर ड्रायव्हरने गाडी तसूभर हलवली नाही. त्या माणसाबद्दल मला आजही आदर वाटतो.

कारण दोन्ही स्टेशनांची यंत्रं तारेने जोडलेली. एक गोळा बाहेर आहे तोवर दुसरा कोणत्याच टोकाला निघत नाही. समोरासमोर दोन गाड्या येणार नाहीत याची हमी त्या गोळ्यात होती.

मुंबईच्या लोकलचं वेगळं. तिथे ‘ए’ खुणेच्या ऑटोमॅटिक सिग्नलला लाल असलं, तर मोटरमन दिवसा १ मिनिट, रात्री २ मिनिटं थांबतो आणि पुढे गाडी उभी असेल असं धरूनच सावकाश निघतो. ‘ए’चा दिवा विझलेला असेल तर मात्र तीही मुभा नाही.

आमच्याकडे कधी कंट्रोलचा फोन यायचा, "मास्तर, साहेब आहेत गाडीत, लवकर सोडा." क्रॉसिंग कुठे घ्यायचं ते कंट्रोलर ठरवी. पण पुढच्या मास्तरने लाइन क्लिअर दिल्याशिवाय माझ्या यंत्रातून गोळा निघतच नसे. मी तेवढंच सांगायचो आणि फोन ठेवायचो.