जंतूंचं उसनं विरजण

ऐका रे पोरांनो. ही गोष्ट जपानची, दुसरं महायुद्ध संपल्यानंतरची. आमांशानं तिथली माणसं बेजार झाली होती. या रोगाचा जंतू, शिगेला, शोधून काढला होता तोही एका जपान्यानंच, कियोशी शिगा यांनी, १८९७ साली. आता हाताशी औषधं होती: सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल. पण १९५५ च्या सुमारास डॉक्टरांना असे शिगेला सापडू लागले, की चारांपैकी एकाही औषधाला ते दाद देईनात.

जंतू वाढताना त्याच्या जनुकांत क्वचित एखादा बदल होतो आणि तो बदल त्याला एखाद्या औषधापासून वाचवतो. कोट्यवधींत एखाद्याचंच असं नशीब. मग चार औषधांवरचे चार बदल एकाच जंतूत, एकदम? आणि तेही रोग्याला एकच औषध दिलेलं असताना? त्याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे त्याच रोग्यांच्या आतड्यांतला ई. कोलाय, एरवी बहुधा निरुपद्रवी असणारा, तोही त्याच चार औषधांना जुमानत नव्हता!

१९५९ मध्ये ओचिआई आणि अकिबा यांच्या गटांनी एक साधा प्रयोग केला. औषधाला न जुमानणारे जंतू आणि औषधानं मरणारे जंतू त्यांनी एकत्र वाढवले. पाहतात तो काय, मरणाऱ्यांतलेही काही तग धरू लागले. ई. कोलायकडून शिगेलाला, शिगेलाकडून ई. कोलायला, गुण दोन्हीकडे जात होता. केओ विद्यापीठाच्या त्सुतोमु वातानाबे यांनी पुढे हे कोडं जगासमोर मांडलं.

काय होतं ठाऊक आहे? जंतूच्या मुख्य गुणसूत्राशिवाय त्याच्याकडे डीएनएची एखादी छोटी कडी असू शकते. १९५२ मध्ये जोशुआ लेडरबर्ग यांनी तिला नाव दिलं, प्लाझ्मिड. चारही औषधांवरचे उपाय या एकाच कडीत होते. कडीवाला जंतू केसासारखा एक धागा बाहेर काढतो, शेजाऱ्याला धरतो, जवळ ओढतो. मग कडीच्या दोन पदरांपैकी एक पलीकडे सरकतो, दुसरा घरीच राहतो, आणि दोघंही आपापला अपुरा पदर नव्यानं विणून घेतात. तुमची आजी शेजारी विरजण देते ना, तसंच. आपलं दही उरतं, त्यांचंही लागतं, आणि उद्या तेही पुढच्या घराला विरजण देऊ शकतात. जात वेगळी असली तरी बऱ्याचदा अडत नाही. मला यातलं हेच सर्वांत थक्क करतं. आपल्याला वारसा मिळतो तो आईबापांकडून, इथे तो परक्या कुळातल्या शेजाऱ्याकडूनही मिळतो.

कड्यांची ही देवाणघेवाण आपल्या औषधांमुळे सुरू झाली का? नाही. मरे नावाच्या शास्त्रज्ञानं १९१७ ते १९५४ या काळात जमवलेले जंतू जपून ठेवलेले होते. नेओमी दत्ता आणि व्हिक्टोरिया ह्यूज यांनी १९८३ मध्ये त्यांची तपासणी प्रसिद्ध केली. प्लाझ्मिड त्या जुन्या जंतूंतही होते आणि शेजाऱ्याकडे जातही होते. औषधांना तोंड देणारी जनुकं मात्र त्यांच्यात जवळजवळ नव्हतीच. ती कड्यांवर स्वार झाली आपण प्रतिजैविकं वापरू लागल्यावर, अवघ्या काही दशकांत.