उणे तेहतीसचा बुधवार

पहाटे 5:00
चहाच्या आधी सिंकचा नळ बघायचा. रात्री सोडून ठेवलेली पेन्सिलीतल्या शिशाएवढी धार चालू आहे. आज 30 जानेवारी 2019, मिनियापोलिसमध्ये पारा उणे 33 सेल्सिअसकडे निघालाय. शाळा बंद, टपालसुद्धा बंद. आमचं सिंक नेमकं उत्तरेच्या भिंतीला, म्हणून त्याखालच्या कपाटाची दारं कालपासून सताड उघडी ठेवलीत. घरातली ऊब पाइपापर्यंत पोचली पाहिजे.

6:15
आई उठली. सुनेच्या बाळंतपणासाठी आली आहे. आई लातूरची, 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या लातूरची. वाहता नळ तिला बघवत नाही. रात्री बाळाला घेऊन उठली की हळूच बंद करते, मी मागून जाऊन पुन्हा सोडतो.

"अरे, एवढं पाणी येतं कुठून?"

"मिसिसिपीतून."

"ती गोठली नाही का?"

वरून गोठली आहे, खालून वाहते आहे. रस्त्याखालची मोठी पाइपलाइन सात-साडेसात फूट खोल असते, तिथवर थंडी सहसा पोचत नाही. भीती आहे ती आपल्या भिंतीतल्या अर्ध्या इंचाच्या पाइपाची. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण 9 टक्के फुगतं. पण पाइप बर्फापाशीच फुटतो असं नाही. बर्फाचं बूच वाढत जातं आणि ते बूच व बंद नळ यांच्यामध्ये सापडलेल्या पाण्यावर दाब चढतो. बर्फाचा कणही नसलेल्या जागी पाइप उकलतो तो त्यामुळे. नळ जरासा सुटा असला की दाबाला वाट मिळते.

"म्हणजे कुकरची शिट्टी," आई म्हणाली आणि धारेखाली पातेलं सरकवून मोकळी झाली.

8:00
तळघर. काँक्रीटची भिंत संपून लाकडी तुळया सुरू होतात, तिथे फटी असतात. माझ्या मते थंडीपेक्षा या फटी वाईट. बोटभर फटीतून येणारा वारा पाइपाला थेट झोंबतो. देवघरातली उदबत्ती पेटवून भिंतीकडेने फिरवतो. धूर एकदम आडवा झाला, की तिथे फोम भरायचा. बागेतल्या नळाचं काम ऑक्टोबरमध्येच उरकलंय : होज काढला, आतला व्हॉल्व्ह बंद केला, उरलेलं पाणी सोडून दिलं.

9:00 ते 4:00
लॅपटॉप, मीटिंगा. मध्ये गॅरेजवरच्या बाथरूममध्ये एक फेरी. तिथे गरम आणि गार, दोन्ही नळांना धार हवी. लोक गार सोडतात आणि गरम विसरतात. गॅरेजचं दार बंद.

4:30
दोन घरं पलीकडच्या आजींचा फोन : स्वयंपाकघरात पाणी येत नाही. हेअर ड्रायर घेऊन गेलो. त्यांचा नातू गॅसची टॉर्च काढून बसला होता, ती आधी ठेवायला लावली. उघड्या ज्योतीने पाइप मोकळा होण्याआधी घर पेटायचं. मग घराचा मुख्य व्हॉल्व्ह शोधला, कारण पाइप फुटला असेल तर ते बर्फ वितळल्यावरच कळतं. नळ उघडा ठेवून नळाच्या बाजूने सुरुवात केली आणि हळूहळू मागे सरकत गेलो. मागून तापवलं तर वितळलेलं पाणी बर्फामागेच अडकतं. बऱ्याच वेळाने नळ खोकला, थुंकला आणि वाहू लागला. पाइप शाबूत होता.

रात्री 9:00
गॅस कंपनीची विनंती : पुरवठ्यावर ताण आहे, थर्मोस्टॅट 63 फॅरनहाइटवर आणा. म्हणजे 17 सेल्सिअस. पाइपांसाठी घर 55 च्या, म्हणजे 13 सेल्सिअसच्या खाली जाऊ देऊ नये असं इथे सांगतात, तेव्हा हिशेबात बसतं. पण थर्मोस्टॅट बैठकीच्या खोलीत आणि सिंक उत्तरेला, तिथला आकडा त्याला कुठला कळायला? आकडा खाली आणला, धार मात्र थोडी वाढवली. बाळाला आणखी एक दुपटं.

10:30
पातेली, डबे, बादली, बाळाच्या आंघोळीचा टब, सगळं काठोकाठ भरलंय. मशीन असताना आई उद्या दुपटी हातानेच धुणार आहे, याच पाण्यात.