राजवाड्याचे मजले मोजताना

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत इंदूरला धाकट्या बंधूंच्या घरी आठ दिवस राहण्याचा योग आला. पुतण्या तेरा वर्षांचा, पुतणी दहा वर्षांची. दोघांचाही जन्म त्याच शहरातला. एके संध्याकाळी पुतण्याने विचारले, "काका, इंदूर काही महाराष्ट्रात नाही, मग येथे इतकी मराठी घरे कशी?" प्रश्न मार्मिक होता. तोंडी उत्तर दिले असते तर सकाळपर्यंत ते विसरले गेले असते. म्हणून मी एका खेळाचा आश्रय घेतला.

हा खेळ अमेरिकेतला. ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगन राज्यातील रानात एक बादली लपविली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. उपग्रहाच्या साहाय्याने जागा शोधणारी यंत्रे तेव्हा नुकतीच सर्वसामान्यांसाठी अचूक झाली होती. शोधणाऱ्याने तेथे जावे, आतील वहीत नाव लिहावे व पेटी होती तशी ठेवावी, एवढाच नियम. यालाच जिओकॅशिंग म्हणतात. त्याच्या कोड्याच्या प्रकारात मात्र आकडे आयते मिळत नाहीत. जुन्या वास्तू पाहून, शिलालेख वाचून ते मिळवावे लागतात. आज प्रत्येकाच्या खिशातील फोन हेच यंत्र होय.

मी पाच प्रश्नांचा कागद तयार केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पहिला प्रश्न राजवाड्यापाशी: "मजले मोजा व त्यातून चार वजा करा." मुलांनी घाईने सहा मजले मोजले. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, त्याच्या दशांशातील पहिला आकडा एकाने चुकला की माणूस १८५ मीटर दूर जातो. फोनने आम्हांस भलत्याच गल्लीत नेऊन उभे केले! परत येऊन मोजले तेव्हा मजले सात भरले, आणि खालचे तीन दगडाचे व वरचे चार लाकडाचे, हेही ध्यानात आले. "लाकडाचे, म्हणजे आगीची भीती!" पुतणी म्हणाली. तिचे म्हणणे खरे होते. हा वाडा १८०१, १९०८ व १९८४ असा तीनदा आगीच्या भक्ष्यस्थानी पडला व पुन्हा उभा राहिला.

दुसरा प्रश्न होळकर या आडनावाचा होता. नीरा नदीकाठचे होळ हे त्या घराण्याचे मूळ गाव. तेथला मल्हारराव पेशव्यांच्या फौजेत पराक्रम करून माळव्याचा सुभेदार झाला. तलवारीमागून लेखणी आली. कारकून, कारागीर, व्यापारी आले. तिसरा प्रश्न होता, इंदूर राजधानी केव्हा झाले? अहिल्याबाईंचा कारभार नर्मदाकाठच्या महेश्वराहून चाले. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला, जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला, आणि त्यानंतर राजधानी इंदुरास आली. पुतण्याला त्याचे उत्तर मिळाले; आणि ते त्याने पायांनी चालून मिळविले असल्याने आता विसरणार नाही.

नदीकाठच्या कृष्णपुरा छत्र्या पाहून आम्ही गांधी हॉलच्या आवारात पोहोचलो. १९०४ साली बांधलेली ही घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत पूर्वी एडवर्ड बादशहाच्या नावाने ओळखली जाई. १९४८ मध्ये तिला गांधीजींचे नाव दिले गेले. गजबजलेल्या जागी बेवारस डबा ठेवणे धोक्याचे. म्हणून पेटी मुलांच्या आईच्या पिशवीत होती, आणि ती बाकावर बसून वाट पाहत होती. पेटीत खाऊ होता आणि शेवटचा प्रश्न: "आपल्या स्वतःच्या गावाविषयी काय ठाऊक आहे?"

मुलांनी तो प्रश्न माझ्यावरच उलटविला. "काका, आपल्या गावच्या वाटेवर दगडी क्रूस आहे ना? तो कोणी उभारला?" मी निरुत्तर झालो. चाळीस वर्षे दर रविवारी मी त्या क्रूसावरून मिस्साला जातो, गुडघा लववितो. पण त्याची हकीकत मला ठाऊक नव्हती. होळकरांचे सन पाठ आणि घरचा दगड अनोळखी!

घरी परतल्यावर मी प्रथम त्या क्रूसापाशी गेलो. पायथ्याला अक्षरे होती, परंतु दरवर्षीच्या चुन्याने ती बुजून गेली होती. शेजारच्या नव्वदी ओलांडलेल्या आजीबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "पटकीच्या साथीतून पोर वाचले म्हणून एका विधवेने बांधला. नाव मला सांगितले होते रे, पण आता आठवत नाही."

वाचकहो, तो दगड कधीतरी वाचता येईल. पण आजीबाईंच्या स्मरणातून निसटलेले नाव परत येईलच असे नाही. म्हणून या सुटीत आपल्या मुलांसाठी असे एक कोडे जरूर रचा. विहिरीवरील सन, देवळाची कोनशिला, कबरस्तानातील जुने दगड यांतून आकडे काढा, आणि एक तरी प्रश्न असा ठेवा की ज्याचे उत्तर केवळ घरातील वृद्धांपाशीच मिळेल. तो मात्र सर्वांत आधी सोडवा.