पेट्रोल गेले कुठे?



पूर्वी खेड्यात चारचाकी गाडी आली की पोरे तिच्यामागे धावत. गाडी म्हणजे डॉक्टरची, नाहीतर साहेबाची. आता तसे राहिले नाही. १९८३ साली मारुती ८०० ही लहान गाडी आपल्या देशात निघाली. २०१४ साली ती तयार होणे बंद झाले. पण अशा कितीतरी जुन्या लहान गाड्या एका हातातून दुसऱ्या हातात जात खेड्यापाड्यांत पोहोचल्या. आमच्या जालना जिल्ह्यातही त्या दिसतात. मोसंबीच्या बागेत जायला, आजारी माणसाला जालन्याला न्यायला, राजूरच्या गणपतीला जायला त्या कामी येतात.

गाडी एकदाच घ्यावी लागते. पेट्रोल मात्र रोज लागते. म्हणून एका लिटरात गाडी किती चालते, हे मालकाने जाणले पाहिजे. यालाच लोक गाडीचा ॲव्हरेज म्हणतात.

आमची चूक

आधी आमचीच गोष्ट सांगतो. नोकरीतून निवृत्त झाल्यावर आम्ही एक जुनी लहान गाडी घेतली. पहिल्याने ती एका लिटरला १५ किलोमीटर जात असे. पुढे टाकी लवकर रिकामी होऊ लागली. आमच्या मनात आले, हे पंपावाल्याचे काम. मापात पाप आहे.

एके दिवशी आम्ही पंपावर गेलो आणि पेट्रोल भरणाऱ्या पोराला चार माणसांत बोललो. "कमी भरतोस. गरिबाला लुटतोस," असे म्हणालो. मालक धावत आला. पोराचा चेहरा उतरला. तो एवढेच म्हणाला, "गुरुजी, रागावू नका. माप लावून दाखवतो."

त्याने पाच लिटरचे माप आणले. त्यावर सरकारी वैधमापन खात्याचा शिक्का होता. यंत्रावर पाच लिटरचा आकडा लावून त्याने पेट्रोल मापात सोडले. माप बरोबर भरले. थेंबाचाही फरक दिसला नाही. आम्ही मान खाली घातली. आमच्या शब्दावर मालकाने विश्वास ठेवला असता, तर त्या पोराची नोकरी गेली असती.

असे पाच लिटरचे माप प्रत्येक पंपावर ठेवावेच लागते. शंका आली तर गिऱ्हाईक ते मागू शकतो. तो तुमचा हक्क आहे. पण आधी माप मागावे, मग बोलावे. आम्ही उलटे केले.

आधी मोजा

मग पेट्रोल गेले कुठे? हे कळायला आधी मोजले पाहिजे. नुसत्या अंदाजाने काही कळत नाही. मोजण्याची रीत सोपी आहे.

एक दिवस टाकी पूर्ण भरा. गाडीच्या घड्याळात एकूण किलोमीटरचा आकडा असतो. तो वहीत लिहा. मग नेहमीसारखी गाडी वापरा. आठ-पंधरा दिवसांनी त्याच पंपावर जाऊन पुन्हा टाकी पूर्ण भरा. या वेळी किती लिटर पेट्रोल बसले, ते लिहा. घड्याळाचा नवा आकडाही लिहा.

नव्या आकड्यातून जुना वजा करा. तेवढे किलोमीटर गाडी चालली. त्याला लिटरने भागा. झाला हिशोब.

आमचा हिशोब असा निघाला. गाडी चालली २४० किलोमीटर. पेट्रोल बसले २० लिटर. २४० ला २० ने भागले, की येतात १२. म्हणजे १५ चा ॲव्हरेज १२ वर आला होता. माप तर बरोबर होते. तेव्हा चोर गाडीतच होता!

चोर सापडला

आम्ही जालन्याला एका मेकॅनिककडे गेलो. त्याने जॅक लावून एक-एक चाक उचलले आणि हाताने फिरवून पाहिले. तीन चाके सहज फिरली. मागचे एक चाक घट्ट बसले होते. तो हसून म्हणाला, "गुरुजी, पेट्रोल कुणी चोरलं नाही. तुमची गाडीच ब्रेक धरून पळायलीय."

बैलगाडीच्या आसाला वंगण नसले तर काय होते? चाक कुरकुरते आणि बैल घामाघूम होतात. इथे बैल बोलत नव्हता, पण वैरण जास्त खात होता. एवढाच फरक.

शिवाय टायरमध्ये हवा कमी होती. बसलेला टायर रस्त्यावर पसरतो, जड चालतो. हवेची जाळी म्हणजे एअर फिल्टर धुळीने भरला होता. इंजिनात पेट्रोल जळायला हवा लागते. जाळी तुंबली की इंजिनाची दमछाक होते. जुन्या, कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलही जास्त जळते. आपल्याकडे कच्च्या रस्त्यांची धूळ फार. म्हणून जाळी वेळोवेळी पाहावी.

ब्रेक सुटा केला, हवा भरली, जाळी बदलली. पुन्हा मोजले. २४० किलोमीटरला या वेळी १६ लिटर लागले. म्हणजे पुन्हा १५ चा ॲव्हरेज आला.

पैशांत पाहू. महिन्याला ६०० किलोमीटर फिरणे झाले असे धरा. १२ च्या ॲव्हरेजने ५० लिटर लागतील. १५ च्या ॲव्हरेजने ४० लिटर. महिन्याला १० लिटर वाचले. हिशोबाला सोपे म्हणून लिटरचा भाव १०० रुपये धरू. महिन्याला १,००० रुपये, वर्षाला १२,००० रुपये! खरिपाच्या तोंडावर एवढे पैसे हाती असले, तर बियाण्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

रुपयातले चार आणे

पेट्रोल इंजिनात जळते. त्या उष्णतेच्या जोराने चाक फिरते. पण सगळी उष्णता चाकाला मिळत नाही. बरीचशी रेडिएटरमधून आणि सायलेन्सरच्या धुरातून बाहेर जाते. रुपयाचे पेट्रोल जाळले, तर चाकापर्यंत जेमतेम चार आण्यांचे काम पोहोचते. बाकीचे बारा आणे वाया जातात. ते आपल्याला वाचवता येत नाहीत. पण हातात राहिलेले चार आणे कसे खर्चायचे, हे चालवणाऱ्याच्या पायावर आहे.

भरलेली बैलगाडी जागची हलवताना बैलांना जोर लागतो. एकदा चालू लागली की ओझे हलके वाटते. मोटारीचेही तसेच आहे. एकदम रेस दाबायची आणि पुढे लगेच ब्रेक मारायचा, असे केले की पेट्रोल खर्चून मिळवलेला वेग ब्रेकमध्ये जळून जातो. म्हणून पुढचा रस्ता लांबून पाहावा. बैल आडवा येतो आहे, गतिरोधक आला आहे, असे दिसताच पाय आधीच उचलावा. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नये. योग्य वेळी वरचा गिअर टाकावा. पण इंजिन गुरगुरू लागले, तर खालच्या गिअरवर यावे.

वेग किती असावा?

गुडघाभर पाण्यातून सावकाश चाला. पाणी फारसे अडवत नाही. आता पळून पाहा. पाणी पाय धरून ठेवते. हवाही तशीच अडवते. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो.

आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. तिथे मोटारीला ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. पण मुभा म्हणजे हुकूम नव्हे. जुनी लहान गाडी इतकी पळवली, तर ६० च्या वेगाच्या चौपट हवा तिला ढकलावी लागते. पेट्रोल वाचवण्याचा प्रचार करणारी पी.सी.आर.ए. नावाची संस्था आहे. ती १९७८ साली पेट्रोलियम मंत्रालयाखाली स्थापन झाली. तिचा सल्ला ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाचा आहे. महामार्गावर मात्र फार हळू चालणेही धोक्याचे. तिथे आपली डावी बाजू धरून एकसारख्या वेगाने जावे.

उभ्या गाडीचा ॲव्हरेज शून्य असतो. कुणाशी बोलत उभे राहायचे असेल, तर इंजिन बंद करावे. डिकीत महिनोन्‌महिने पडलेले ओझे उतरवून ठेवावे. थंड हवेचे यंत्र, म्हणजे एसी, इंजिनाच्याच जोरावर चालते. गरज असेल तेव्हा लावावे, नसेल तेव्हा बंद करावे. पण वैशाखाच्या उन्हात आजारी माणूस किंवा लेकरू सोबत असेल, तर तिथे काटकसर करू नये.

ही काटकसर नको

काही जण उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून देतात. हे फार धोक्याचे आहे. कित्येक गाड्यांत ब्रेकला इंजिनाची मदत असते. इंजिन बंद झाले की एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक जड होतो. किल्ली काढली तर स्टिअरिंगही अडकते. अजिंठ्याच्या घाटासारख्या ठिकाणी असे झाले तर? चार रुपयांच्या पेट्रोलसाठी घरदार उघडे पडेल. उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवावी आणि रेसवरून पाय काढावा. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत अशा वेळी पेट्रोल आपोआप तुटते. मग न्यूट्रल करून काय मिळणार?

टाकीत टाकायच्या गोळ्या, नळीला बांधायचे लोहचुंबक असल्या वस्तू कुणी विकायला आणल्या, तर भुलू नये. गोळीने ब्रेक सुटा होत नाही आणि टायरमध्ये हवाही भरत नाही.

पेट्रोलमध्ये उसाचा वाटा

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. ते उसापासून आणि धान्यापासून होते. २०२५ साली हे मिश्रण देशात १०० लिटरमागे २० लिटरपर्यंत गेले. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलाचा फार मोठा भाग परदेशातून येतो. तो थोडा कमी व्हावा, हा यामागचा हेतू. पण एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी असते. त्यामुळे गाडीचा ॲव्हरेज थोडा उतरतो. हा पंपावरच्या पोराचा दोष नव्हे. मात्र ॲव्हरेज एकदम फार उतरला, तर गाडी तपासावी. गाडी जुनी असेल, तर तिच्या रबरी नळ्याही मेकॅनिकला दाखवाव्यात.

शेवटी

ब्रेक दुरुस्त झाल्यावर आम्ही पुन्हा त्या पंपावर गेलो. त्या वेळी जी चार माणसे तिथे होती, ती काही पुन्हा जमली नव्हती. पण मालक होता. त्याच्यासमोर आम्ही त्या पोराला म्हणालो, "चूक आमची होती. तुझं माप खरं होतं." तो नुसता हसला आणि म्हणाला, "गुरुजी, आधी शून्य बघा, मग भरतो." आता आम्ही दर वेळी शून्य पाहतो आणि वहीत आकडा लिहितो.

अक्षरे आणि अंक शिकल्याचा उपयोग तो हाच. ज्याला मोजता येते, तो फसत नाही. आणि तो दुसऱ्यावर उगाच आळही घेत नाही.

ध्यानात ठेवा

१. टाकी भरून ते टाकी भरेपर्यंत, असा ॲव्हरेज मोजा.

२. पंधरा दिवसांतून एकदा, टायर थंड असताना हवा तपासा. किती हवा हवी, ते बहुतेक गाड्यांत दारापाशी चिकटवलेल्या कागदावर लिहिलेले असते.

३. सपाट जागी, हँडब्रेक सोडून, न्यूट्रलमध्ये गाडी ढकलून पाहा. लहान गाडी एका माणसाला हलली पाहिजे. न हलली तर ब्रेक दाखवा.

४. पाय हलका ठेवा. पुढचा रस्ता पाहा.

५. उतारावर इंजिन बंद करू नका.

करून पाहा

एक गाडी २८८ किलोमीटर चालली. तिला १८ लिटर पेट्रोल लागले. तिचा ॲव्हरेज किती? उत्तर वहीत लिहा. मग तुमच्या गावातल्या एखाद्या गाडीचा हिशोब मांडून तिच्या मालकाला दाखवा.