मेंढ्यांवाचून मेंढपाळ

दिवाळी सरत आली की बारामती, पुरंदर, फलटणकडचे धनगर घोड्यांवर बिऱ्हाड लादून कोकणाची वाट धरतात. वाटेत शेतांत मेंढ्या बसवतात. शेताला खत मिळतं, धनगराला धान्य. वाड्याबरोबर, म्हणजे धनगरांच्या या तांड्याबरोबर, कुत्री असतात. दिवसा ती घोड्यांच्या मागून मुकाट चालतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अंधार पडून मेंढ्या वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, गेल्या की कुत्र्यांची पाळी सुरू होते. सासवडच्या माळावर आजही लांडगे आहेत, जुन्नरकडे बिबटे आहेत. मेंढ्या हाकायचं काम माणसांचं, राखणीचं काम कुत्र्यांचं.

त्याच दिवसांत बाणेरच्या एखाद्या उंच इमारतीत गॅलरीच्या गजाला नाक लावून एक कॉली खालची रहदारी बघत उभा असतो. तोही मेंढपाळाचाच कुत्रा, पण त्याचा धंदा उलटा. तो राखत नाही, हाकतो. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या सीमेवरच्या डोंगरांत त्याला पिढ्यान् पिढ्या घडवलं ते कळप वळवण्यासाठी. शिकारी प्राणी आधी टक लावतो, मग दबा धरतो, पाठलाग करतो, शेवटी चावा घेतो. कॉलीमध्ये माणसानं पहिल्या तीन पायऱ्या ठेवल्या, धार लावून ठेवल्या, आणि चौथी दाबून टाकली. कॉलीबद्दल जे काही सांगण्यासारखं आहे, त्याच्या मुळाशी हे काम आहे. पुण्यात त्याच्या वाट्याला मेंढ्या नाहीत. मग त्याला काम कोणतं द्यायचं, हा प्रश्न पिल्लू घेणाऱ्यानं पहिल्या दिवशी स्वतःला विचारायला हवा, आणि तोच सहसा विचारला जात नाही.

कॉली म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लॅसी येते. एरिक नाइटची कादंबरी 1940 मध्ये आली आणि 1943 मध्ये तिच्यावर सिनेमा निघाला. पडद्यावरची ती लॅसी म्हणजे पाल नावाचा नर होता. लांब तोंडाचा, आयाळदार, सोनेरी-पांढरा असा हा रफ कॉली. व्हिक्टोरिया राणीनं बाल्मोरलला कॉली पाळले तेव्हापासून तो शेतावरून दिवाणखान्यात आला. स्वभावानं तो बराच निवला आहे. बॉर्डर कॉलीचं तसं नाही. आजचे जवळजवळ सगळे बॉर्डर कॉली 1893 मध्ये नॉर्थंबरलंडमध्ये जन्मलेल्या ओल्ड हेम्प नावाच्या एका कुत्र्याच्या वंशातले आहेत. ॲडम टेल्फर नावाच्या शेतकऱ्यानं तो पैदास केला. न भुंकता, न चावता, नुसत्या नजरेनं मेंढी हलवायची ही त्याची ख्याती. त्याच्या वंशजांत रूपाकडे कुणी फारसं पाहिलं नाही, डोकं आणि दम तेवढा पाहिला.

हे डोकं किती चालतं? अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनातले निवृत्त मानसशास्त्राचे प्राध्यापक जॉन पिली यांनी चेसर नावाच्या बॉर्डर कॉलीला 1022 खेळण्यांची नावं शिकवली. त्यावरचा शोधनिबंध 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. हे वाचून लोक हुरळतात आणि पिल्लू आणतात. पण चेसरला रोज काही तास शिकवणारा माणूस घरात होता, हे त्या आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे. दोघंही आयटीत, घराला दिवसभर कुलूप, सकाळी दहा मिनिटं खाली चक्कर, अशा घरात तेच डोकं दुसऱ्या कामाला लागतं. सोफा उसवतो, स्वतःची शेपटी धरून गोल फिरतो, भिंतीवरच्या उजेडाच्या कवडशावर तासन् तास झडप घालतो. पुण्यात तर मेंढ्यांची जागा घ्यायला दुचाक्या आहेतच. दबा धरून स्कूटरच्या मागच्या चाकाकडे धावणारा बॉर्डर कॉली मी कर्वे रस्त्यावर पाहिला आहे. मालक त्याला पट्ट्यानं ओढून रागवत होते. त्या कुत्र्यानं मात्र आपल्या बापजाद्यांचं काम चोख केलं होतं. सोसायटीत खेळणाऱ्या लहान मुलांच्या टाचांना तो हलकेच दात लावतो, तेही याच पोटी. त्याला मारून काही होत नाही. पट्टा लांब घ्यावा, हाक मारली की परत यायला शिकवावं, वास काढून वस्तू शोधायचे खेळ द्यावेत. वेताळ टेकडीवर भल्या सकाळी तासभर हे केलं की दुपारी तो शांत झोपतो.

भल्या सकाळीच, कारण चैत्र-वैशाखात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो. कॉलीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आतला मऊ लोकरीसारखा, बाहेरचा लांब आणि राठ. उन्हाळा आला की बरेच जण त्याला सरसकट भादरून आणतात. त्यानं फायदा होत नाही. बाहेरचा थर उन्हाला अडवतो, तो गेला की कातडी भाजते. काढायची असते ती आतली मेलेली लोकर. आमच्या सोनीला (ही रफ कॉली, पाच वर्षांची असताना आमच्याकडे आली) फाल्गुनात कोट सुटायला लागतो. कानामागे, काखेत आणि मागच्या मांड्यांवर आधी गुठळ्या धरतात. कंगवा तिथे थेट घातला तर ती वळून हाताकडे बघते, तक्रार न करता, नुसतं बघते. मग गुठळी बोटांनी सोडवायची, मुळाशी कातडी धरून टोकाकडून विंचरत यायचं. घरभर पांढरे पुंजके उडतात. पावसाळ्यात हेच काम दुप्पट होतं, कारण ओला आतला थर वाळला नाही तर खाली कातडी चिघळते.

आता ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला, ती गोष्ट. आपल्याकडे कुत्र्याला खरूज झाली, गोचिड्या झाल्या की आयव्हरमेक्टिन द्यायची सवय फार जुनी आहे. औषध स्वस्त, सहज मिळणारं, गायीम्हशींनाही चालणारं. कॉलीला मात्र ते जिवावर बेतू शकतं. मेंदूत नको ते शिरू नये म्हणून शरीरात एक प्रथिन पहारा देत असतं, नको असलेलं औषध परत बाहेर ढकलत असतं. ते प्रथिन घडवणाऱ्या एमडीआर-1 या जनुकात बऱ्याच कॉलींमध्ये खोट असते. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी ही खोट 2001 मध्ये हुडकली. तिथल्या पाहणीनुसार साधारण 70 टक्के रफ कॉलींमध्ये तिची निदान एक प्रत असते. अशा कुत्र्याला खरजेच्या मात्रेत आयव्हरमेक्टिन दिलं तर ते थेट मेंदूत साचतं. बाहुल्या मोठ्या होतात, लाळ गळते, पाय लटपटतात, दिसेनासं होतं, झटके येतात, कुत्रा बेशुद्ध पडतो. हृदयातल्या जंतांसाठीची अगदी अल्प मात्रा चालते, खरजेची चालत नाही. जुलाबावरची लोपेरामाइडची गोळी, भूल आणि गुंगीची काही औषधं, कर्करोगाची काही औषधं, या सगळ्यांबाबत हीच सावधगिरी. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर जनुकाची तपासणी होते. ती होईपर्यंत प्रत्येक कॉलीत ही खोट आहे असंच धरून चालावं, आणि डॉक्टर नवीन असतील तर सुई भरण्याआधी आपण होऊन सांगावं. औषधाच्या दुकानातून परस्पर काही आणून देऊ नये. गोचिड्यांचा बंदोबस्त मात्र टाळून चालत नाही. एर्लिकिया, बेबेसिया हे गोचिडतापाचे प्रकार पुण्यात बारमाही आहेत आणि त्यात प्लेटलेट झपाट्यानं उतरतात. कॉलीला चालतील अशी औषधं आहेत, ती डॉक्टरांकडूनच घ्यावीत.

पिल्लांविषयी थोडक्यात. कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे केंद्रीय नियम 2017 पासून लागू आहेत. पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आहे, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. या आठ आठवड्यांत पिल्लू आईकडून, भावंडांकडून चावा किती जोरात घ्यायचा ते शिकतं. कॉलीच्या बाबतीत हा धडा चुकला तर पुढे टाचा त्याच्या दातांत सापडतात. म्हणून आई बघायला मागावी, जागा बघायला मागावी. मोबाइलवर फोटो आणि रस्त्याच्या कडेला गाडीतून पिल्लू हातात, असा व्यवहार असेल तर मागे फिरावं. डोळ्यांची तपासणीही मागावी, कारण कॉलींमध्ये डोळ्यांचा एक जन्मजात दोष पिढीजात उतरतो आणि तो लहानपणीच नीट दिसतो. पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टोच्या लशी आणि रेबीजची लस वेळेवर हव्यात. महापालिकेचा परवाना काढावा. सोसायटीच्या बैठकीत कुणी कुत्र्याला लिफ्ट बंद करायचा ठराव आणलाच, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं 2015 चं परिपत्रक पुढे ठेवावं. असा ठराव करता येत नाही, हे त्यात स्पष्ट आहे.

आणि दिवाळी. हाकणाऱ्या जातींचे कान फार तिखट असतात, डोंगरापलीकडची शीळ ऐकायची म्हणून. सुतळी बॉम्बचा आवाज त्यांना सोसत नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अंधार व्हायच्या आत फिरवून आणावं, खिडक्या लावून पंखा आणि गाणी चालू ठेवावीत, गळ्यात फोन नंबराचा बिल्ला असू द्यावा. फटाक्याला बुजून सुटलेला कुत्रा कितीही पळतो.

हेच तिखट कान आणि माणसाकडे सतत लागलेलं लक्ष, यामुळे कॉली आजाऱ्यांच्या, वृद्धांच्या भेटीला फार चांगला ठरतो, किंवा अजिबात ठरत नाही. प्राण्यांच्या मदतीनं करायच्या या उपचाराचा उगम सांगताना न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांचं नाव घेतात. कुणाशी न बोलणारा एक मुलगा ठरलेल्या वेळेआधी आला, लेव्हिन्सन यांचा कुत्रा जिंगल्स त्याच्याजवळ गेला आणि मुलगा खुलला. त्यावरचा त्यांचा निबंध 1962 मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक सहकाऱ्यांनी ही कल्पना हसण्यावारी नेली होती. आपल्याकडे मानसतज्ज्ञ मीनल कविश्वर यांनी ॲनिमल एंजल्स फाउंडेशनच्या माध्यमातून हे काम मुंबई-पुण्यात रुजवलं. शाळांत, विशेष मुलांच्या वर्गांत कुत्री जायला लागली.

भेट वेगळी आणि उपचार वेगळा. भेटीत कुत्रा येतो, लोक त्याला कुरवाळतात, सगळे खूश होतात. उपचारात तज्ज्ञानं आधी उद्दिष्ट ठरवलेलं असतं. पुण्यातल्या एका वृद्धाश्रमात हा फरक मी डोळ्यांनी पाहिला. पक्षाघातानंतर उजवा हात उचलायचा कंटाळा करणाऱ्या एक आजी होत्या. फिजिओथेरपीची ताई रबरी चेंडू दाबायला द्यायची, आजी तो मांडीवर ठेवून द्यायच्या. त्या दिवशी ताईनं सोनीला उजव्या बाजूला बसवलं आणि आजींच्या हातात कंगवा दिला. बोटं नीट वळेनात. ताईनं मुठीवर आपली मूठ ठेवली. पहिला हात वरवर गेला. सोनीनं अंग सैल सोडलं आणि पाठ आणखी जवळ आणली. "अगं ए, सरक की थोडी, पोचत नाही माझा हात," आजी तिलाच रागावल्या आणि खांद्यातून पुढे वाकल्या. ताईला हवा होता तो नेमका खांदाच. "आजी, दमलात तर थांबू या हं." "थांब गं, गुंता राहिलाय इथे."

सोनी दमली तेव्हा मात्र आम्ही थांबलो. जांभई, ओठ चाटणं, मान वळवणं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसणं, ही "पुरे" म्हणायची कुत्र्याची भाषा. ती ज्याला वाचता येत नाही त्यानं कुत्र्याला घेऊन जाऊ नये. बॉर्डर कॉली अशा ठिकाणी बहुधा अस्वस्थ होतो. ढकलखुर्ची हलली की त्याची नजर चाकावर जाते. आपला कुत्रा हुशार आहे म्हणून त्याला या कामाला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

सोनी आमच्याकडे आली ती एका कुटुंबानं परदेशी जाताना सोडली म्हणून. पुण्यात कुत्री घराबाहेर पडतात ती बहुतेक अशाच कारणांनी. बदली, नवं बाळ, घरमालक, घटस्फोट, आणि केस फार गळतात. मोठं जातिवंत कुत्रं एक दिवस रस्त्यावर दिसतं, आणि त्याला ना रस्ता ओलांडता येत ना उकिरड्यावर जगता येत. नेहा पंचमिया यांनी 2007 मध्ये सुरू केलेला रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट, मुंढव्याची ब्लू क्रॉस सोसायटी, यांच्यासारख्या संस्थांवर या शहरातल्या जखमी आणि बेवारस प्राण्यांचा भार आहे. दत्तक द्यायच्या आधी संस्था घर बघायला येतात, घरातल्या प्रत्येकाशी बोलतात, निर्बीजीकरणाची अट घालतात. काहींना हे जाचक वाटतं. मला ते योग्य वाटतं. एकदा सुटलेलं कुत्रं दुसऱ्यांदा सुटलं तर त्याचा माणसांवरचा विश्वास परत आणणं फार अवघड जातं.

मोठं कुत्रं घरी आणल्यावर पहिले काही आठवडे त्याला त्याच्या कलानं राहू द्यावं, पाहुणे बोलावू नयेत, रोज ठरल्या वेळेला जेवण आणि एकाच वाटेनं फिरणं ठेवावं. सोनी सुरुवातीला दारापाशीच झोपायची. जुन्या घरानं दिलेली औषधांची फाइल फार कामी आली. जुनं कुटुंब भेटत असेल तर त्यांच्याकडून ती मागून घ्यावी, आयव्हरमेक्टिन कधी दिलं होतं का हेही विचारून घ्यावं.

पुण्यात पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याला मी कॉली सुचवत नाही. आपल्या गल्लीतलं देशी पिल्लू सुचवते. त्याचा कोट इथल्या हवेचा आहे, अंग काटक आहे, आणि माणसाची त्याची ओळख जुनी आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव ज्या भाषेत झाले, खंडोबाबरोबर कुत्रा ज्या जेजुरीत पुजला जातो, तिथे या कुत्र्याला परकं मानायचं कारण नाही. भटक्या कुत्र्यांवरून 2025 मध्ये देशभर वाद पेटला. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं दत्तक घेण्याचा मार्गही सांगितला. अर्ज महापालिकेकडे करायचा, कुत्र्याला ओळखीची खूण लागते, आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्ज करणाऱ्याची.