थेक्ला, सेंट

(इ. स. पहिले शतक). आद्य ख्रिस्ती परंपरेतील एक कुमारी संत आणि सेंट पॉलची शिष्या. बायबलच्या नव्या करारात तिचा उल्लेख नाही. तिच्याविषयीची माहिती मुख्यतः पॉल आणि थेक्ला यांची कृत्ये या ग्रीक ग्रंथातून मिळते. हा ग्रंथ दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात आशिया मायनरमध्ये रचला गेला. थेक्लाचे ऐतिहासिकत्व सिद्ध करता येत नाही. तथापि धर्मोपदेश करण्याचा व बाप्तिस्मा देण्याचा अधिकार स्त्रीला आहे काय, या आद्य चर्चमधील वादात तिचे नाव आधार म्हणून पुढे केले गेले, हे निश्चित.

कथेनुसार थेक्ला ही आयकोनियम (तुर्कस्तानातील सध्याचे कोन्या) येथील एक कुलीन वाग्दत्त वधू. शेजारच्या घरात चाललेला पॉलचा उपदेश तिने खिडकीत बसून तीन अहोरात्र ऐकला आणि विवाहास नकार दिला. तेव्हा तिला जाळावे, अशी मागणी खुद्द तिच्या आईनेच केली. पण पाऊस व गारा यांनी अग्नी विझला. पुढे अँटिऑक येथे एका प्रतिष्ठित पुरुषाचा अतिप्रसंग धुडकावल्यामुळे तिला श्वापदांपुढे सोडण्यात आले. तेथे एका सिंहिणीने इतर श्वापदांशी झुंजून तिचे रक्षण केले व प्रेक्षागारातील स्त्रियांनी तिची बाजू घेऊन आक्रोश केला. पॉलने तिला बाप्तिस्म्यासाठी धीर धरण्यास सांगितले होते. मरण समोर दिसत असता तिने जलकुंडात उडी घेऊन स्वतःच स्वतःला बाप्तिस्मा दिला. सुटकेनंतर पुरुषी पद्धतीचा वेष करून ती पॉलला भेटली आणि त्याने तिला उपदेश करण्याची आज्ञा दिली. सेल्यूशिया येथे ती शांतपणे निवर्तली. तिला लेक मानणारी ट्रायफीना राणी या कथेत आहे. या नावाची पाँटसची राणी इतिहासाला ज्ञात आहे.

इ. स. २०० च्या सुमारास कार्थेजच्या टर्टलियनने बाप्तिस्म्यावरील आपल्या ग्रंथात या कथेवर कठोर टीका केली. थेक्लाचा दाखला देऊन उपदेशाचा व बाप्तिस्म्याचा अधिकार मागणाऱ्यांस त्याने बजावले, की हे लेखन आशियातील एका धर्मगुरूने पॉलवरील प्रेमापोटी रचले असून त्याबद्दल त्याला पदावरून दूर व्हावे लागले. मात्र रचनेनंतर थोड्याच दशकांत ही कथा समुद्रापार आफ्रिकेत पोहोचली होती व स्त्रियांच्या अधिकाराचा आधार ठरत होती, याचा उत्तम पुरावा टर्टलियनचा हा निषेधच होय.

पुढील चर्चने थेक्लाला स्वीकारले. तिच्या बाप्तिस्म्याच्या प्रसंगापेक्षा तिच्या कौमार्यव्रतावर भर दिला. मेथोडियसच्या संवादग्रंथात दहा कुमारिकांमध्ये मानाचा मुकुट तिला मिळतो; सेंट मॅक्रिनाचे गुप्त नाव थेक्ला होते, असे तिचा भाऊ नीसाचा ग्रेगरी सांगतो. सिरियाक परंपरेत रूथ, एस्थर, सुझॅना व जूडिथ यांच्या कथांसोबत थेक्लाची कथा एकाच ‘स्त्रियांच्या ग्रंथा’त समाविष्ट झाली. याउलट, सहाव्या शतकातील तथाकथित जेलेशियसच्या आज्ञापत्रात ती अप्रमाण ग्रंथांच्या यादीत आढळते.

सेल्यूशियाजवळील तिचे स्थान मोठे तीर्थक्षेत्र बनले. इ. स. ३८४ मध्ये यात्रेकरू एजीरिया तेथे आली, तेव्हा जेरूसलेममध्ये परिचय झालेली मार्थाना ही डीकन पदावरील स्त्री तिला तेथील कुमारिकांच्या मठांची प्रमुख म्हणून भेटली. पाचव्या शतकातील चरित्र व चमत्कार या ग्रंथात थेक्ला मृत्यू न पावता जिवंतच भूमीत प्रविष्ट होते. भारतीय वाचकास येथे सीतेचे स्मरण होईल. पण दोहोंत काही संबंध असल्याचे मानण्यास आधार नाही. ईजिप्तमध्ये सेंट मीनसच्या तीर्थाच्या मृत्तिकाकुप्यांवर श्वापदांमध्ये उभी असलेली थेक्ला कोरलेली आढळते.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च तिला स्त्रियांतील आद्य हुतात्मा व ‘प्रेषितांसमान’ मानते आणि २४ सप्टेंबरला तिचा सण पाळते. रोमन कॅथलिक चर्चने १९६९ मध्ये तिचा स्मृतिदिन सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळला. तथापि स्पेनमधील तारागोना शहराची ती आजही संरक्षक संत आहे. ॲरेमाइक बोली टिकून असलेल्या सिरियातील मालूला गावी तिच्या नावाचा मठ आहे. यादवी युद्धात डिसेंबर २०१३ मध्ये तेथील मठवासिनींचे अपहरण झाले होते. मार्च २०१४ मध्ये त्यांची सुटका झाली.