तिथी पाहून चौपाटीवर

फ्रान्समधल्या मों-सां-मिशेलला निघालेला पर्यटक हॉटेलच्या आधी भरतीचं वेळापत्रक बघतो. तिथे भरती-ओहोटीच्या पातळीत 14 मीटरपर्यंत फरक पडतो, आणि मठाभोवतीची उघडी वाळू काही तासांत पाण्याखाली जाते. कॅनडाच्या फंडी उपसागरात हा फरक 16 मीटरच्या घरात. होपवेल रॉक्सच्या सुळक्यांखाली ओहोटीला माणसं समुद्राच्या तळावर हिंडतात, भरतीला त्याच सुळक्यांमधून होड्या वल्हवतात.

मुंबईतल्या प्रभादेवीच्या चौपाटीचं नाव या यादीत कुणी घेणार नाही. पोहण्यासाठी तर घेऊच नये. मिठी नदी शहराची घाण घेऊन शेजारच्या माहीमच्या उपसागरातच उतरते. पण चालण्यासाठी? कीर्ती कॉलेजच्या मागे ओहोटीला ओल्या वाळूचा ऐसपैस पट्टा उघडा पडतो, समोर 2009 साली सुरू झालेला सागरी सेतू. वाळूकडे वाकून पाहिलं तर इवल्या खेकड्यांनी बिळांभोवती मांडलेल्या मोहरीएवढ्या गोळ्या दिसतात. प्लास्टिकही दिसतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

प्रश्न वेळेचा. चुकीच्या वेळी आलेल्याच्या वाट्याला भिंतीवर आपटणारं गढूळ पाणी येतं, आणि ‘इथे आहे काय बघायला?’ असं म्हणत तो परततो. वेळ साधायला किनाऱ्यावरचा जुना हिशेब फार कामाचा: तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराचा सुमार. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. हिशेब ढोबळ आहे, पण फिरायला जाणाऱ्याला पुरेसा.

म्हणजे अष्टमीची संध्याकाळ इथे वायाच. संकष्टीला सिद्धिविनायकाचं दर्शन घेऊन सहाला आलेल्याला निम्मं ओसरलेलं पाणी भेटतं. खरी मजा पौर्णिमा-अमावास्येची. सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत आल्याने उधाण येतं; भरती उंच चढते, तशी ओहोटीही लांब जाते, आणि ती नेमकी सूर्यास्ताच्या आसपास येते. पौष पौर्णिमेला प्रभावती देवीची जत्रा सुरू होते, त्या दिवशी तर देवी आणि किनारा दोन्ही एका फेरीत साधतात. शिवाय कॉलेजच्या गल्लीतला चुरा घातलेला वडापाव आहेच.

हाजीअलीला जाणाऱ्यांना हे गणित शिकवावं लागत नाही. दर्ग्याची वाट भरतीला बुडते, त्यामुळे वेळ बघूनच निघावं लागतं.

पावसाळ्यात मात्र वाळूवर उतरू नये. जून-जुलैच्या उधाणात पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं, वाऱ्याच्या जोराने लाटा भिंत ओलांडतात आणि शहराने टाकलेला कचरा शहराच्याच अंगणात परत आणून टाकतात.